परस्पर जिंकलेला शनिवार

दरवर्षी १ सप्टेंबरला मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव किलो पेढे आणतो. त्या दिवशी घरात कोणाचा वाढदिवस नसतो आणि कोणाचा निकालही लागलेला नसतो. निमित्त एवढेच, की २००७ साली याच तारखेला मिशिगन विद्यापीठाचा फुटबॉल संघ ॲन आर्बरच्या आपल्या घरच्या मैदानावर, १ लाख ९ हजार २१८ प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, ॲपलॅचियन स्टेट नावाच्या संघाकडून ३४-३२ असा हरला. या दोन्ही संघांपैकी एकही माझा नव्हता. मी ओहायो स्टेटचा, म्हणजे कोलंबसचा. आणि आमच्या संघाने त्याच दुपारी यंगस्टाउन स्टेटला ३८-६ असे हरवले होते, ही गोष्ट आज मलासुद्धा आठवून सांगावी लागते.

फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल, ज्यात लांबट चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. तेथे विद्यापीठांच्या संघांची दुनिया व्यावसायिक संघांपेक्षा वेगळी आहे आणि कोलंबससारख्या शहरात तीच मोठी आहे. शिकायला म्हणून २००५ साली मी तेथे गेलो, तेव्हा खेळाचे नियम समजण्याआधी मला एक गोष्ट शिकवण्यात आली, ती म्हणजे मिशिगनचा द्वेष. मला त्याचे फारसे नवल वाटले नाही, कारण मी कोल्हापूरचा. शिवाजी पेठेत वाढलेल्या माणसाला तालीम संघांचे सामने, शाहू स्टेडियमची गर्दी आणि ‘आपण जिंकलो नाही तरी चालेल, पण ते हरले पाहिजेत’ ही भावना कोणी समजावून द्यावी लागत नाही. शिवाय माझे आजोळ मंगळवार पेठेत. तिकडचा माझा मामेभाऊ माझ्याआधी दोन वर्षे अमेरिकेत गेला आणि नेमका ॲन आर्बरलाच पीएचडीला लागला. लहानपणी ज्या दादाशी पेठेवरून भांडत होतो, त्याच्याशीच आता विद्यापीठावरून भांडण्याची सोय नियतीने अशी परस्पर करून ठेवली होती.

ओहायो आणि मिशिगन या राज्यांचे वैर फुटबॉलच्याही आधीचे आहे. टोलेडो शहराच्या आसपासचा पट्टा कोणाचा, यावरून १८३५-३६ मध्ये दोन्ही बाजूंनी शिबंदी सीमेवर नेऊन उभी केली होती. शेवटी टोलेडो ओहायोकडे राहिले आणि मिशिगनच्या पदरात उत्तरेचा मोठा द्वीपकल्प पडला. मैदानावर या वैराला धार आणली ती वुडी हेज यांनी. १९५१ ते १९७८ अशी अठ्ठावीस वर्षे ओहायो स्टेटचे प्रशिक्षक असलेले हे गृहस्थ मिशिगनचे नाव उच्चारणे टाळत आणि ‘ते वरचे राज्य’ एवढेच म्हणत. मिशिगनच्या हद्दीत पेट्रोल विकत घ्यावे लागू नये म्हणून गाडी ढकलत ओहायोत आणण्याची त्यांची तयारी होती, अशी कथा कोलंबसमध्ये सांगतात. ती खरी असो वा नसो, सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर अभिमान असतो. मिशिगनला हरवले, की ओहायो स्टेटच्या प्रत्येक खेळाडूला सोन्याच्या विजारीच्या आकाराचे एक छोटेसे पदक मिळते. ही प्रथा १९३४ पासूनची आहे. तेव्हाच्या प्रशिक्षकांचे म्हणणे असे, की मिशिगनवालेही आपल्यासारखेच एकेक पाय घालून विजार चढवतात, तेव्हा त्यांना भ्यायचे कारण नाही.

२००७ चा तो शनिवार इतका गोड का लागला, हे कळण्यासाठी त्याआधीचा हिवाळा सांगितला पाहिजे. १८ नोव्हेंबर २००६ रोजी देशात पहिल्या क्रमांकावर असलेले आम्ही आणि दुसऱ्या क्रमांकावर असलेले मिशिगन कोलंबसमध्ये भिडलो. दोन्ही संघ अपराजित होते. आदल्याच दिवशी मिशिगनचे जुने प्रशिक्षक बो शेंबेक्लर यांचे निधन झाले होते, त्यामुळे सामन्याच्या सुरुवातीला आमच्या स्टेडियममध्येही त्यांच्यासाठी शांतता पाळली गेली. आम्ही ४२-३९ असे जिंकलो आणि मी पुढचा दीड महिना दादाला त्या आकड्यांवाचून दुसरे काही बोलू दिले नाही. मग ८ जानेवारीला राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात फ्लोरिडासमोर आम्ही उभे राहिलो. सामन्याची पहिलीच किक पकडून आमच्या टेड गिन याने थेट टचडाउन केला, म्हणजे चेंडू घेऊन तो मैदानाच्या पलीकडच्या टोकापर्यंत पोहोचला, आणि त्याला मिठ्या मारायला धावलेल्या सहकाऱ्यांच्या गर्दीत त्याचाच पाय दुखावला. तो पुन्हा मैदानात उतरला नाही. पुढचे सगळे फ्लोरिडाचे होते. मध्यरात्री फोन वाजला. “एकेचाळीस-चौदा,” दादा म्हणाला, “झोप आता.” आणि त्याने फोन ठेवला.

तो ‘झोप आता’ मी आठ महिने पोटात ठेवला होता.

१ सप्टेंबर हा नव्या हंगामाचा पहिला शनिवार. मोठे संघ या दिवशी खालच्या गटातला एखादा संघ पैसे देऊन घरी बोलावतात. पाहुण्यांना त्यांच्या खर्चासाठी चांगली रक्कम मिळते आणि यजमानांना बळीचा बकरा. मिशिगनने ॲपलॅचियन स्टेटला चार लाख डॉलर दिले होते. हा संघ उत्तर कॅरोलिनाच्या डोंगरातल्या बून नावाच्या लहान गावातला. तेव्हा त्याच्या गटाला ६३ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, तर मिशिगनच्या गटाला ८५ ची. मात्र त्या खालच्या गटाचे अजिंक्यपद बूनच्या या पोरांनी लागोपाठ दोन वर्षे मिळवले होते, याकडे मिशिगनमध्ये कोणी फारसे लक्ष दिले नसावे. आम्हीही दिले नव्हते. (बूनचे लोक स्वतःच्या विद्यापीठाचे नाव ‘ॲपलॅचन’ असे काहीसे उच्चारतात, हेही त्या संध्याकाळनंतरच साऱ्या देशाला कळले.)

तो सामना ज्या वाहिनीवर होता, ती दोनच दिवसांपूर्वी सुरू झालेली होती आणि आमच्या घरी येणाऱ्या केबलवर ती नव्हती. आमच्या सामन्याचे तिकीटही माझ्याकडे नव्हते. म्हणून मी प्रयोगशाळेत जाऊन बसलो, एका खिडकीत माझे प्रयोगाचे आकडे उघडले आणि दुसरीत सामन्यांचे गुणफलक. मध्यंतराला तेथे २८-१७ दिसले, तेव्हा टाइप करणाऱ्याने संघांची नावे उलटसुलट केली असावीत असे मला प्रामाणिकपणे वाटले. मी एफ-५ ची कळ दाबली. पुन्हा तेच. मग प्रयोगाची खिडकी मी बंदच केली.

त्यानंतरचा दीड तास मी एक संपूर्ण फुटबॉल सामना एका कळीवर पाहिला. साडेचार मिनिटे उरली असताना मिशिगनच्या माइक हार्टने ५४ यार्डांची धाव घेऊन टचडाउन केला आणि मिशिगन ३२-३१ असे पुढे गेले. मी उठून पाणी पिऊन आलो, कारण असले स्वप्न शेवटपर्यंत टिकत नाही हे कोल्हापूरपासून ठाऊक होते. परत येऊन पाहतो तर मिशिगनची एक फील्ड गोलची किक (गोलपोस्टमधून गेली, की तीन गुण) अडवली गेली होती. सव्वीस सेकंद उरले असताना ज्युलियन राउश याने २४ यार्डांवरून किक मारली आणि फलक ३४-३२ झाला. मी हसलोही नाही. सव्वीस सेकंद फार असतात, आणि ते तसे निघालेही. मिशिगनने एकाच फेकीत ४६ यार्ड कापले आणि सहा सेकंद उरले असताना ३७ यार्डांवरून जिंकून देणारी किक मारायला ते उभे राहिले. कळ दाबली. पान कोरे झाले, आणि कोरेच राहिले, कारण त्या क्षणी माझ्यासारखे कितीतरी जण तीच कळ दाबत असणार. जेव्हा ते उघडले, तेव्हा खालच्या ओळीत ‘ब्लॉक्ड’ एवढा एकच शब्द माझ्या कामाचा होता. कोरी लिंच याने ती किक अंगावर घेऊन चेंडू उचलला होता आणि तो पळत सुटला होता. त्याला पाडेपर्यंत वेळ संपली होती.

लेन ॲव्हेन्यूवर आलो तर लाल कपड्यांतले हजारो लोक स्टेडियममधून घराकडे निघालेले होते. आपला संघ बत्तीस गुणांनी जिंकला, म्हणून माणसे एकमेकांना मिठ्या मारत नसतात. ती चौतीस-बत्तीस, चौतीस-बत्तीस असे ओरडत होती. एका आजोबांनी रेडिओ कानाला लावलेलाच ठेवला होता आणि भेटेल त्याला ते ‘दोन्ही किक अडवल्या, दोन्ही’ असे बोटांनी दाखवून सांगत होते. तिकडे बूनमध्ये विद्यार्थ्यांनी आपल्या मैदानातला गोलपोस्ट उपटून तो कुलगुरूंच्या घराच्या अंगणात नेऊन टाकला. आम्हाला उपटायला काही नव्हते.

रात्री आठला मी दादाला फोन केला. वहिनींनी उचलला.

“वहिनी, दादा आहे का?”

“भाऊजी, ते झोपलेत.”

“आठ वाजता?”

“मॅचहून आल्यापासून झोपलेत,” वहिनी म्हणाल्या आणि मग आवाज खाली आणून, “जागेच आहेत, पण तुमचा फोन आला तर झोपलेत असे सांगायचे, असे सांगून झोपलेत.”

सोमवारी कामगार दिनाची सुट्टी होती, म्हणून मंगळवारी मी प्रयोगशाळेत पेढे नेले. खव्याचा पेढा पहिल्यांदाच खाणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मी सांगितले, की आमच्याकडे घरात शुभवार्ता आली की हे वाटतात, आणि त्यांतल्या एकानेही कोणती वार्ता असे विचारले नाही. त्याच दिवशी नवी क्रमवारी आली. पाचव्या क्रमांकावरचे मिशिगन पहिल्या पंचविसांतून थेट बाहेर गेले होते. पहिल्या पाचांतून एका आठवड्यात असे कोणी बाहेर पडल्याचे पूर्वी घडले नव्हते. पुढच्या शनिवारी ओरेगॉननेही त्यांना ३९-७ असे धुतले. पण खरे सांगायचे तर तोवर आमचे पोट भरलेले होते, आणि त्या दुसऱ्या पराभवाची चव पहिल्यासारखी लागली नाही.

आपल्या विजयात धाकधूक असते, उसने अवसान असते, उद्याची काळजी असते. प्रतिस्पर्ध्याचा पराभव तिसऱ्याच कोणाच्या हातून व्हावा, यात आपल्याला काहीच करावे लागत नाही आणि गमावण्यासारखेही काही नसते, म्हणून तो आनंद असा निर्मळ वाटतो. तो निर्मळ नसतो, हे मला नोव्हेंबरमध्ये कळले. १७ तारखेला आम्ही ॲन आर्बरला जाऊन मिशिगनला १४-३ असे हरवले. मी दादाला फोन केला, तर तो शांतपणे म्हणाला, “अरे, आम्हाला तर बूननेही हरवले होते.” तीन महिने मी जे त्याला ऐकवत होतो, तेच उचलून त्याने माझ्या विजयाची किंमत उतरवली होती. वर जात्यातले आणि सुपातले हा हिशेबही होताच. त्याच १ सप्टेंबरला आम्हीही खालच्या गटातलाच संघ घरी बोलावला होता, म्हणजे आम्ही केवळ सुपात होतो म्हणून हसत होतो. पुढच्या जानेवारीत मिशिगनने फ्लोरिडाला ४१-३५ असे हरवले, त्याच फ्लोरिडाला, आणि आठवडाभरात अजिंक्यपदाचा सामना आम्ही लुइझियाना स्टेटशी ३८-२४ असा हरलो. दादाने त्या रात्री फोन केला नाही. तो केला असता तर बरे झाले असते.

२०२१ ते २०२४ अशी सलग चार वर्षे मिशिगनने ओहायो स्टेटला हरवले, तेव्हा हे पेढे मला फार उपयोगी पडले. नोव्हेंबरची वाट कशाला पाहायची, १ सप्टेंबर तर कोणी हिरावून घेत नाही.

एकदा मात्र तेही झाले. मिशिगनने ॲपलॅचियन स्टेटला पुन्हा घरी बोलावले, ३० ऑगस्ट २०१४ रोजी. मी तोवर पुण्यात परतलो होतो. तिकडे दुपारी सुरू झालेला सामना संपला तेव्हा आमच्याकडे रात्रीचा एक वाजत आला होता. संगणकापुढे बसून मी तो शेवटपर्यंत पाहिला, ५२-१४. दोन मिनिटांत फोन वाजू लागला आणि पडद्यावर दादाचे नाव आले. मी दिवा मालवला आणि फोन बायकोच्या हातात दिला.

“दादा,” ती म्हणाली, “हे झोपलेत.”