अकोल्याच्या दुपारी तपासलेला बोर्ड

मे महिन्यात अकोल्यात माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात बारानंतर गिऱ्हाईक सहसा फिरकत नाही. त्या दिवशी पावणेबाराला मूर्तिजापूरहून एसटीने बापलेक आले. कॉम्प्युटरचं कॅबिनेट चादरीत गुंडाळलेलं, वरून दुपट्ट्याने बांधलेलं. वडिलांनी ते सगळ्या रस्त्यात मांडीवर धरून आणलं होतं. टेबलावर ठेवल्यावरही त्यांचा हात काही वेळ त्यावरून निघेना.

"भाऊ, तीन जागी दाखवलं. कोनी म्हनते वायरस, कोनी म्हनते विंडोज नवं टाका. टाकलं बी. पन दुपार झाली का हे बसलंच. तुम्ही पाहा एकडाव."

मुलगा बी.कॉम. करतो आणि लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करून घरात पैसे आणतो. रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा गेम. आधी त्याच्याकडे रायझेन 5 3600 प्रोसेसर होता. दिवाळीत साठवलेल्या पैशांतून रायझेन 7 5800एक्स आणि त्याला पाण्याने थंड ठेवणारा लिक्विड कूलर घेतला, सगळे भाग जोडणारा मदरबोर्ड मात्र तोच ठेवला. हिवाळाभर मशीन पळालं, एप्रिलपासून दुपारी रेंडर, म्हणजे व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं, अर्ध्यात रखडायला लागलं. लग्नसराई ऐन भरात, आणि दोन पार्ट्यांचे व्हिडिओ अडलेले.

हिवाळ्यात ठीक आणि एप्रिलपासून बिघाड, एवढं ऐकल्यावर वायरसचा विचार मी सोडून दिला. तापमान आणि गती दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडून ठेवलं आणि प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारं सिनेबेंच आर23 लावलं. पहिली नऊ मिनिटं सगळं सुरळीत. मग एका क्षणात प्रोसेसरची घड्याळगती, म्हणजे कामाचा वेग, चार हजारांवरून थेट 550 मेगाहर्ट्झवर आली. प्रोसेसर तेव्हा 78 अंशांवर होता, त्याची मर्यादा 90 आहे. म्हणजे तापलं होतं ते दुसरंच काहीतरी.

बोर्ड ए520 चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणारी चिप), अगदी स्वस्तातला. प्रोसेसरच्या सॉकेटशेजारी चोक नावाच्या चौकोनी कॉइलची रांग, त्यांच्या बाजूला वीज चालू-बंद करणारे छोटे काळे मॉस्फेट, आणि त्यांच्यावर उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक नावालाही नाही. हा भाग म्हणजे व्हीआरएम. पॉवर सप्लायकडून 12 व्होल्ट येतात, प्रोसेसरला सव्वा-दीड व्होल्टच्या आतबाहेर लागतात. हे रूपांतर तिथे होतं. 5800एक्सच्या डब्यावर 105 वॉट लिहिलेलं असलं, तरी सॉकेटमधून तो 142 वॉटपर्यंत ओढतो, आणि सलग कामात 95 अँपिअरपर्यंत करंट या चिमुकल्या मॉस्फेटांतून जाऊ शकतो. 3600 ची मर्यादा 88 वॉट होती. तापमानाची गन रोखली तर मॉस्फेट 113 अंश! बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा गळा आवळत, म्हणजे त्याची गती पाडत होता.

त्यात आणखी एक गोष्ट घडली होती, जी मुलाला कुणी सांगितलीच नव्हती. 3600 सोबत आलेला साधा पंखा हवा खाली बोर्डावर फेकायचा, म्हणून उघडे मॉस्फेटही थंड राहायचे. लिक्विड कूलरचे पंखे लागले कॅबिनेटच्या छताला. प्रोसेसर सुखावला, पण त्याच्याशेजारचा वारा बंद झाला. महाग कूलर घेऊन मशीन हळू झालं, हे त्या पोराला पटायला जड गेलं. मी टेबलफॅन उचलून उघड्या कॅबिनेटवर रोखला. दोन मिनिटांत मॉस्फेट 92 वर आले आणि गती पुन्हा चार हजारांपार गेली. पोरगा स्क्रीनकडे बघतच राहिला.

वडिलांनी मात्र माझ्याआधी समजून घेतलं. "हे त आपल्या मोटरीवानी झालं. पातळ केबलवर मोठी मोटर लावली का दुपारी रिले ट्रिप मारते." मला याहून नेमकं सांगता आलं नसतं.

मंग नवा बोर्ड घ्याच लागते का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. आतून छोटा पंखा बांधून भागलं असतं, मी तसं सांगितलंही. पण त्यांचं घर टिनाचं, खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, म्हणजे दमट हवा आणि धूळ दोन्ही. प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधलेला पंखा धुळीने अडला की पुन्हा तेच. आणि पोराची कमाई त्यावर. त्यांच्याजवळ सात हजार होते.

माझ्याकडे दोन बोर्ड होते. एक बी550 चिपसेटचा, डब्यावर मोठ्या अक्षरांत गेमिंग, लाल रेघांचं कव्हर, रंगीत दिवे, किंमत साडेनऊ हजार. दुसरा बी450, दिसायला रुक्ष, साडेसहा हजार. पोराची नजर पहिल्यावर, आणि व्हिडिओंमध्ये त्याचीच शिफारस त्याने ऐकलेली. बोर्डांच्या चाचण्या बहुधा एसीच्या खोलीत होतात. माझ्या दुकानातल्या भिंतीवरच्या तापमापकात तेव्हा 41 अंश होते. म्हटलं, दोन्ही इथेच लावून पाहू, तुझाच प्रोसेसर घालून.

आधी स्क्रू काढून कव्हरं उचलली. लाल कव्हराखाली अ‍ॅल्युमिनियमचा जेमतेम बोटभर तुकडा होता, बाकी सगळं प्लॅस्टिक. बी450 चा हीटसिंक हातात घेतला तर चांगला वजनदार, पाती कापलेला, आणि खालच्या थर्मल पॅडवर, म्हणजे उष्णता पोचवणाऱ्या मऊ पट्टीवर, मॉस्फेटांचे ठसे स्पष्ट उमटलेले. हे ठसे मी नेहमी बघतो. ठसा नसेल तर हीटसिंक नुसता शोभेला बसवलेला असतो.

प्रोसेसर काढताना जीव मुठीत असतो. या एएम4 सॉकेटच्या 1331 पिना प्रोसेसरलाच असतात, आणि प्रोसेसर-कूलरमधली पेस्ट वाळली असेल तर कूलरबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. मशीन गरम असतानाच बंद केलं, प्रोसेसरवर बसलेला कूलरचा पंप हळूहळू डावी-उजवीकडे फिरवला, पेस्ट सुटल्याचं बोटांना जाणवल्यावरच उचलला. मुलगा श्वास रोखून उभा होता. मीही.

बी450 ने लगेच दाद दिली नाही. तो 2018 चा चिपसेट, 5800एक्स 2020 च्या नोव्हेंबरातला. बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे बायोस, जुनं, प्रोसेसर ओळखत नाही, त्यामुळे पडदा काळाच. पण त्यावर प्रोसेसर न चालताही बायोस बदलणारं फ्लॅशबॅकचं बटण आहे. पेनड्राइव्ह फॅट32 प्रकारात फॉरमॅट करून नवा बायोस घातला, बटण दाबलं आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत सहा मिनिटं कुणाला टेबलाजवळ येऊ दिलं नाही. अशा वेळी वीज गेली तर पंचाईत, म्हणून पॉवर सप्लाय यूपीएसवर होता. स्वस्त बोर्ड घेताना हे बटण आहे का ते मी हमखास विचारायला लावतो. नसेल, तर जुना प्रोसेसर उसना आणत फिरावं लागतं.

अडीच वाजता चाचणी सुरू केली. शटर उघडं, पंखा बंद, दोन्ही बोर्डांवर सारखाच भार, अर्धा-अर्धा तास. हीटसिंकच्या चकचकीत धातूवर गन चुकीचं तापमान दाखवते, म्हणून दोन्हीकडे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला. लाल कव्हरवाला 104 वर जाऊन थांबला. गती पडली नाही, पण पुढे बंद कॅबिनेट आणि टिनाचं घर होतं. बी450 87 वर स्थिरावला. मग त्याच्या बायोसमध्ये प्रोसेसरची मर्यादा 142 वरून 88 वॉट केली, तापमान 70 वर आलं. पोराच्या एका लग्नाचं गाणं रेंडर करून पाहिलं. 142 वॉटवर 11 मिनिटं लागली होती, 88 वर पाऊण मिनिट जास्त.

बी550 चा मोठा फायदा पीसीआयई 4.0, म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठीची जास्त वेगवान जोडणी. पण त्याचं ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स 1660 सुपर, जे 3.0 चंच आहे. वरचे तीन हजार त्याला गेममध्ये एक फ्रेमही देणार नव्हते. मी हे आकडे कागदावर मांडून दाखवले तेव्हा तो काही वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "दादा, दिवे नसले तरी चालतील."

कॅबिनेट भरून, रॅम मेमरीच्या दुसऱ्या-चौथ्या स्लॉटमध्ये घालून, रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी एक्सएमपी सेटिंग चालू करून पुन्हा तासभर चालवलं. साडेसहा झाले होते. वडिलांनी जुना बोर्ड फेकायचा का विचारलं. अजिबात नको, धाकट्या मुलीला साधं मशीन जोडायला तो उत्तम आहे. नव्या बोर्डाच्या डब्यात तो ठेवला आणि झाकणावर मार्करने लिहून दिलं: "डब्यावर 65 वॉट लिहिलेलाच प्रोसेसर. पंखा वरून बोर्डावर वारा फेकणारा."