ताम्हिणीमार्गे गुहागर: एक फिल्टर आणि दोन क्लिपा

जानेवारीत आम्ही दोघं जुन्या कार्ब्युरेटरवाल्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) गाडीवर पुण्याहून निघालो. ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, मुक्काम हरिहरेश्वरला, आणि पुढे दोन जेट्ट्या ओलांडून गुहागर असा बेत होता. रस्त्याचं वर्णन थोडक्यातच करतो, कारण सांगायचं आहे ते पेट्रोलच्या पाइपाबद्दल.

पौड सोडून वेग धरला आणि गाडी मिसिंग मारायला लागली. चाळीसला ठीक, साठच्या पुढे गेली की दम तुटायचा. थांबून पाच मिनिटांनी स्टार्ट केली की पुन्हा छान. असं झालं तर आधी टाकीचं झाकण उघडून बघा. झाकणातलं हवेचं भोक बुजलं तरी गाडी हेच करते, आणि उघडल्यावर सुधारली तर खर्च शून्य. आमची सुधारली नाही, म्हणजे अडथळा पुढे होता. हळूहळू घाट उतरून माणगाव गाठलं. तिथल्या मिस्त्रीकाकांनी पेट्रोलच्या पाइपातला फिल्टर काढून दाखवला, आत तांबडा गाळ बसला होता. नवा बसवला, गाडी पळायला लागली, आम्ही खूश.

चूक इथेच झाली. पाइप जुना आणि क्लिपाही जुन्याच राहिल्या.

सकाळी बागमांडल्याच्या जेट्टीवर रांगेत उभे असताना बायको म्हणाली, "अरे, पेट्रोलचा वास येतोय." मागच्या रिक्षावाल्या दादांनी वाकून बघितलं, "दादा, गळतंय तुमचं. हात लावा, ओलं आहे." थेंब इंजिनाच्या फिन्सवर, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पट्ट्यांवर, पडत होते. अशी गाडी माणसांनी आणि वाहनांनी भरलेल्या बोटीवर चढवणं मला पटेना. कॉक (टाकीखालची पेट्रोल चालू-बंद करायची चावी) बंद केला, गाडी बाजूला घेतली, आणि त्याच दादांच्या रिक्षातून श्रीवर्धनला जाऊन सामान आणलं. अर्धा दिवस गेला, पण त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

गळण्याचं कारण साधं होतं. जुन्या फिल्टरची तोटी जाड, नव्याची बारीक. जाड तोटीवर वर्षानुवर्षं ताणलेलं रबर कडक झालेलं, ते परत आकसत नाही. त्यात स्प्रिंगच्या क्लिपांची पकड संपलेली. आता पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि जुन्या गाड्यांच्या रबराला ते मानवत नाही. म्हणून माझं ठाम मत झालं आहे: फिल्टर, पाइप आणि क्लिपा एकदमच बदला.

दुकानात जाताना जुन्या पाइपाचा तुकडा सोबत न्या आणि आतला व्यास जुळवून घ्या. माझ्या गाडीला 6 मिमी लागतो. पेट्रोलचाच पाइप मागा. पाण्याची पारदर्शक नळी पेट्रोलने काही दिवसांत कडक होते. फिल्टरही कार्ब्युरेटरच्या गाडीचाच हवा. इंजेक्शनच्या गाडीत पंपाचा जोर असतो, आपल्याकडे पेट्रोल नुसतं वरून खाली उतरतं, त्या दाट फिल्टरमधून ते पुरेसं येत नाही.

काम इंजिन पूर्ण गार झाल्यावरच करा. आम्ही पाऊण तास झाडाखाली बसलो. कॉक बंद करून पाइपातलं उरलेलं पेट्रोल बाटलीत घ्या. पाइप नव्या ब्लेडने सरळ कापा, पक्कडीने चेमटू नका. आधी क्लिप पाइपावर सरकवून ठेवा, मग पाइप तोटीच्या फुगवट्याच्या पलीकडे दाबा, आणि क्लिप फुगवट्याच्या मागे आणून आवळा. अगदी टोकावर लावली तर निसटते. फिल्टरवरचा बाण कार्ब्युरेटरकडे हवा. स्क्रूच्या क्लिपा घेतल्यात तर सपाट पट्टीच्या घ्या. खाचा आरपार कापलेली पट्टी आवळताना रबर चिरते. रबर किंचित दबलं की थांबायचं.

मग कॉक सुरू करून दहा मिनिटं नुसतं बघत बसा, प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावा. आमचा कागद कोरडा राहिला, तेव्हाच वेशवीच्या बोटीत गाडी चढवली. केळशी, आंजर्लं, हर्णै, दापोली, मग दाभोळहून धोपाव्याची दुसरी बोट, गुहागरपर्यंत गाडी एकदाही अडली नाही.

पुण्यात परतल्यावर टाकी उतरवली. कॉकच्या जाळीवर गंजाचा थर होता. निघण्याआधी ही जाळी बघितली असती तर माणगावला थांबावंच लागलं नसतं, तेव्हा तुम्ही सुरुवात तिथूनच करा.