जोडाक्षरांची फोड

शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख मागताना प्रेमळ अटही घातली गेली, ‘कॉम्प्युटरचं आहे, पण आम्हाला कळेल असं लिही.’ बघतो जमतंय का.

मी वेबसाइट बनवतो. रंग, बटणं, फोटो हे लोकांना दिसतं. माझा बराचसा दिवस मात्र लोकांनी भरलेली माहिती नीट साठवण्यात आणि मागितल्यावर तीच परत देण्यात जातो. ऐकायला रटाळ आहे, पण मला त्यात गोडी आहे, आणि त्याला जबाबदार आपल्या मराठीच्या बाई.

बाई फळ्यावर जोडाक्षरं फोडायला लावायच्या. तेव्हा तो शुद्ध छळ वाटायचा. नोकरीत युनिकोडशी, म्हणजे संगणकात प्रत्येक लिपीच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीशी गाठ पडली आणि पाहतो तर तिथेही तेच! ‘क्षितिजा’ आपल्याला तीन अक्षरी दिसते; संगणकाच्या लेखी ती आठ चिन्हं: क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज, काना. ही चिन्हं साठवण्याच्या यूटीएफ-8 नावाच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट (बाइट म्हणजे साठवणीचं माप) लागतात, साध्या इंग्रजी अक्षराला 1. म्हणजे क्षितिजाचे झाले 24. कुणी इंग्रजी नावांच्या हिशेबाने 20 बाइटांचा रकाना आखला, तर पोरीची ‘क्षिति’ होते आणि पुढे एखादं प्रश्नचिन्ह लटकतं.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक बाईंनी घोटून घेतला होता. एका कामात ‘कुऱ्हाडे’ आडनाव शोधलं की ‘नोंद सापडली नाही’ असं उत्तर यायचं. यादीत तर कुऱ्हाडे ढळढळीत दिसत होते. कारण हे, की तो ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकीत ऱ हे स्वतंत्र चिन्ह, मग हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यामागे झिरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, संगणकाला मात्र दोन वेगळी माणसं. उपाय चार ओळींचा: साठवताना आणि शोधताना सगळं एकाच रूपात आणायचं. त्या चार ओळी सुचेपर्यंतचा वेळ, तीच आमची कारागिरी.

करिअरबद्दल विचाराल तर पगार बरा आहे, पाठ दुखते. वेबसाइट ज्या संगणकी भाषांत लिहितात, त्यांतल्या पीएचपीवर मी सुरुवात केली, आता बहुतेक जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक यांनी 1995 मध्ये तिचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. डागडुजी अजून चालू आहे.

‘कोणता क्लास लावू?’ असं मुलं विचारतात. क्लास जरूर लावा, पण आधी संगणकावर एखादं वेबपान उघडून कंट्रोल आणि यू दाबा. त्या पानाचं एचटीएमएल, म्हणजे ते पान ज्यातून बनतं तो मूळ मजकूर, फुकटात समोर येतं. ते वाचा, उतरवा, मोडा.

शाळेची जुनी जनरल रजिस्टरं संगणकावर घ्यायचं चाललंय असं कानावर आलं. मला हाक मारा. ऱ्ह आणि ऱ्य वाली नावं मी स्वतः तपासून देतो.