वयोश्रीचे तीन हजार आणि आत्याचं बाथरूम

आमची आत्या पंचाहत्तरीला आली, गावी एकटीच राहते आणि पुण्याला चल म्हटलं की उत्तर ठरलेलं, तुमच्या फ्लॅटमधे माझा जीव गुदमरतो. मग म्हटलं बाई तुझ्याच घरात नीट राहा, आणि सरकारचं काय काय मिळतं ते शोधायला घेतलं. मिळतं बरंच, पण एका जागी कुणी सांगत नाही.

मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ ला आली. ६५ पूर्ण, घरचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत, की एकदाच ३००० रुपये थेट खात्यात, चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, कंबरेचा पट्टा असलं काही घ्यायला. ३००० मधे चांगलं श्रवणयंत्र येत नाही हे खरंय, म्हणून माझं ऐका, डोळे झाकून कमोड खुर्ची घ्या! गुडघे गेलेल्या माणसाला उकिडवं बसून उठायचं म्हणजे काय असतं ते घरात बघितल्याशिवाय कळत नाही, आणि आमच्या भावकीत ज्या ज्या म्हाताऱ्या पडल्या त्या मोरीत नाहीतर रात्री संडासला उठल्यावर, आणि एकदा खुबा मोडला की लेक नाहीतर सून उचलून शहरात नेते, घराला कुलूप. भिंतीला धरायला दांडी मात्र आपली आपणच बसवायची, गवंड्याचं थोडक्यात होणारं काम आहे.

श्रावणबाळ योजनेत महिन्याला १५०० मिळतात, पण अट वर्षाला २१ हजार उत्पन्नाची. म्हणजे महिना पावणेदोन हजार! आत्या त्यात बसत नाही, मामांची थोडीफार पेन्शन आहे. त्या पेन्शनचा हयातीचा दाखला मात्र आता पोस्टमन घरी येऊन मोबाईलवर करून देतो, थोडी फी घेतो, पण तालुक्याचा हेलपाटा वाचतो.

७० च्या वरच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, उत्पन्नाची अटच नाही, ५ लाखांपर्यंत उपचार. कार्ड काढाच. पण ते दवाखान्यात ॲडमिट झाल्यावर कामाचं. घरी बीपी बघायला, जखमेचं ड्रेसिंग करायला, आंघोळीला हात द्यायला त्यात कुणी नाही. आणि माझी खरी तक्रार हीच आहे, वस्तू मिळतात, पैसे मिळतात, माणूस मिळत नाही. केरळनं २००८ मधे पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या दुखण्यात त्रास कमी करणाऱ्या देखभालीचं, धोरण केलं, तिथं पंचायतींमार्फत नर्स अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाते. आपल्या गावांना पेव्हर ब्लॉकला निधी सापडतो बरोबर.

सध्या आम्ही भावंडं वर्गणी काढून शेजारच्या वहिनींना पगार देतो, त्या सकाळ-संध्याकाळ येऊन जातात. ज्यांची भावंडं नाहीत त्यांचं काय, हे मी सरपंचांना विचारलंय, ग्रामसभेत घेऊ म्हणालेत.

आणि हो, कुठल्या योजनेत बसतो हे समजत नसेल तर १४५६७ ला फोन लावा, ज्येष्ठांची हेल्पलाईन आहे, फुकट.