खाडीवरची वही: तिथी, चिखल आणि रोहित

या हंगामापासून रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) मोजणीच्या नोंदवहीत एक रकाना वाढवला आहे: तिथी. आधी फक्त तारीख आणि वेळ असायची, त्यामुळे शिवडीच्या एकाच धक्क्यावरच्या दोन नोंदी एकमेकींशी जुळत नसत. एका रविवारी रोहित पक्षी साध्या डोळ्यांनी दिसावेत इतके जवळ, तर पुढच्या रविवारी त्याच वेळेला अटल सेतूच्या बाजूला फक्त एक गुलाबी रेघ. पक्षी तेवढेच होते, पाणी वेगळं होतं.

हिशेब जुना आहे, किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक असलेला. तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, की मुंबईतल्या पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. द्वितीयेला दीड, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुक्ल आणि कृष्ण पक्षाला एकच हिशेब, दिवसाला आणि रात्रीलाही तोच. तिथी दिवसाच्या मध्येच बदलते, म्हणून अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. महिनाभर आधी रविवार निवडायला एवढं पुरतं. आदल्या दिवशी मात्र अपोलो बंदरचा भरतीचा तक्ता बघावाच. त्यातली वेळ ऐरोली किंवा भांडुपला जशीच्या तशी लावली तर चुकते, कारण खाडीत आत जाईल तशी भरती उशिरा पोहोचते. आपल्या जागेवर पाणी कुठल्या दगडाला किती वाजता टेकलं हे लिहीत गेलं, की चार-पाच फेऱ्यांत तो फरक हाती येतो.

शिवडीला पूर्ण भरतीच्या वेळी जाऊन उपयोग नाही, कारण चिखलच पाण्याखाली असतो. पूर्ण ओहोटीलाही नाही, कारण पक्षी पाण्याच्या कडेने लांब निघून गेलेले असतात. भरतीच्या अडीच-तीन तास आधी किंवा नंतर पाण्याची कड धक्क्याजवळ असते, आणि पक्षी त्या कडेलाच चरतात. आता यात उजेड मिसळा. शिवडी आणि भांडुप ठाणे खाडीच्या पश्चिमेला आहेत, तोंड पूर्वेकडे. सकाळी सूर्य थेट भिंगात येतो, रंग कळत नाहीत, सगळे पक्षी काळे दिसतात. म्हणून तिथे दुपारचे चार गाठायचे: द्वितीयेच्या आसपास उतरतं पाणी, अष्टमीच्या आसपास चढतं पाणी. या दोन्हींत आमची पसंती अष्टमीला. भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराच्या भरतीचं, पाणी हळू सरकतं, पक्षी घाईत नसतात आणि मोजणीला जास्त वेळ मिळतो. उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरतीच्या, दिवसांत कड डोळ्यांदेखत पुढे येते. अर्धी मोजणी होईतो थवा उठून तिसरीकडे बसलेला असतो.

ऐरोलीचं उलट. किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र खाडीच्या पूर्व काठावर आहे, तिथे सकाळचा सूर्य पाठीशी येतो. बोटीच्या फेऱ्या भरतीवरच ठरतात, कारण पाणी कमी असेल तर बोट चिखलात रुतते. सकाळची भरती हवी म्हणून एकादशी धरावीशी वाटते, पण नवमी-दशमीच्या भांगाचा परिणाम तेव्हाही शिल्लक असतो आणि पाणी बेताचंच चढतं. द्वादशी-त्रयोदशी बरी. नऊ ते पावणेदहाची भरती आणि पुरेसं पाणी. फेरीची नक्की वेळ केंद्राकडूनच घ्यावी.

बोटीवर जाताना स्कोप (एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) आणि तिपाई घरीच ठेवा, इंजिनाच्या थरथरीत दोन्ही निरुपयोगी. १० × ४२ पेक्षा ८ × ४२ दुर्बीण स्थिर राहते. कॅमेऱ्याचा शटर वेग १/१६०० च्या खाली नेऊ नये, उडत्या थव्याला १/२०००. गडद चिखलामुळे कॅमेरा फसतो आणि पिसांचा गुलाबी रंग पांढराफटक पडतो, म्हणून एक्स्पोजर १/३ ते २/३ स्टॉप कमी ठेवायचं. धक्क्यावर स्कोप हवाच, पण ६० पटीचा मोह नको. ऊन चढलं की चिखलावरून उठणारी गरम हवा पक्ष्यांचे पाय वितळवते. २५-३० पट पुरे.

मोजणीतली प्रगती सांगण्यासारखी आहे. आधी दहा पक्षी खरोखर मोजायचे आणि दुर्बिणीच्या वर्तुळात त्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत भरून घ्यायचं. त्यावरून पन्नासचा ठोकळा, मग शंभरचा, आणि तो ठोकळा थव्यावर सरकवत न्यायचा. चूक बहुतेक वेळा कमी मोजण्याकडेच होते, कारण दाट थव्यात मागच्या रांगा पुढच्यांच्या आड जातात. तीनदा मोजून मधला आकडा लिहावा, सरासरी काढू नये. फोटोंच्या पट्टीवरून मोजत असाल तर एक खबरदारी: थवा डावीकडून उजवीकडे चरत निघाला असेल तर फोटो उजवीकडून डावीकडे घ्यायचे. थव्याच्याच दिशेने गेलात तर तेच पक्षी पुढच्या चौकटीत पुन्हा येतात आणि आकडा फुगतो. बोटीवर जाताना एकच काठ मोजावा, येताना दुसरा.

दोन रोहितांची गल्लत अजूनही वहीत सापडते. उंचीवर जाऊ नका, चिखलात किती रुतलाय कळत नाही. चोच बघा. लहान रोहिताची गडद किरमिजी, लांबून काळीच वाटते. मोठ्याची फिकट गुलाबी आणि टोक तेवढं काळं. करडी-तपकिरी पिल्लं आधी वेगळी मोजून मग जातीत टाकायची. लहान रोहित चोच उलटी करून पाण्याच्या वरच्या थरातलं निळं-हिरवं शेवाळ गाळतो, मोठा चिखल ढवळून कोळंबीसारखे जीव. एकाच पट्ट्यात दोघं शेजारी चरतात, त्यामागचं कारण हेच.

आणि फक्त गुलाबी रंगच लिहून परतू नका. काळ्या शेपटीचे पाणटिवळे, टिलवे, शेकाटे, कोरल, उचाट्या यांची मोजणी याच पाण्यात होते. रोहितांआधी तीच करावी, कारण बारके पक्षी आधी उडतात.

जागेची मर्यादा लक्षात ठेवायची. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, १,६९० हेक्टर, त्यात ८९६ हेक्टर खारफुटी आणि ७९४ हेक्टर पाणी. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आलं. शिवडी त्या हद्दीत येत नाही, म्हणून दोन्हीकडचे आकडे एकत्र करू नयेत. भरतीला काही थवे नेरूळकडच्या पाणथळींवर जाऊन बसतात, तिथली नोंद त्याच वेळची असेल तरच बेरजेला अर्थ आहे.

चरणारा थवा माना वर करून एकत्र चालू लागला, की आपण फार जवळ गेलो. तिथेच थांबायचं, बोट असेल तर इंजिन बंद करायला सांगायचं. एक पाऊल पुढे टाकलं तर थवा उडतो, आणि त्या भरतीतलं त्यांचं खाणं गेलं ते गेलं. ड्रोन नको. चिखलात उतरू नका, वरची कोरडी दिसणारी साय पाय टेकताच फुटते आणि गुडघ्यापर्यंत रुतायला होतं.

पुढच्या फेऱ्यांत पायांवरचे, अभ्यासकांनी ओळखीसाठी बांधलेले रंगीत पट्टे वाचायचे आहेत. बीएनएचएसकडे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) पाठवायच्या नोंदीत कुठल्या पायाला, गुडघ्याच्या वर की खाली, पट्ट्याचा रंग आणि अक्षरं, एवढं हवं. अर्धंच अक्षर दिसलं असेल तर तेवढंच लिहावं, अंदाजाने पुरं करू नये. त्यासाठी सर्वांत सोयीचं पाणी अष्टमीचं, उतरता उजेड पाठीशी आणि कड वीस-पंचवीस मीटरवर.