समासातली पेन्सिल

मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर मिळणाऱ्या जुन्या कथासंग्रहांची अर्धी गंमत समासात असते. कुणा अनोळखी वाचकाने कथेचं सूत्र म्हणून पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवलेलं असतं, 'गरिबी'. पुढच्या कथेपाशी 'एकाकीपण'. त्यापुढे 'स्त्रीची असहायता', खाली दोन रेघा. परीक्षा तोंडावर आली असावी. पाच मार्कांपुरतं ठीक आहे. पण 'गरिबी' मराठीतल्या निम्म्या कथांच्या कडेला बसेल. सगळ्याच डब्यांवर 'डाळ' लिहिलं तर तूर कुठली आणि मूग कुठली?

त्या नामाला क्रियापद जोडून बघावं. अण्णाभाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं' घ्या. वारणाकाठचा भीमा मुंबईच्या उपनगरात, खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते आणि तो मढ्यांच्या राखेतलं सोनं शोधायला लागतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात बोटं अडकतात, ती कापावी लागतात, आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. 'गरिबी' म्हटलं की हा शेवट नुसता योगायोग वाटतो. 'ज्या हातांवर माणूस जगतो ते हातच बेकारी खाते' असं वाक्य करा, मग 'त्याच दिवशी' या शब्दांचं वजन कळतं. वाक्य टिकतं का, हे तपासायला शेवट जरा हलवून बघायचा. खाण आदल्या दिवशी सुरू झाली असती तर कथाच नव्हती. वर्षाने झाली असती तर थोडी हळहळ, बस.

'एकाकीपण' त्याहून फसवं. चेखवच्या १८८६ सालच्या 'दुःख' या कथेत मुलगा गेलेला घोडागाडीवाला आयोना भेटेल त्याला सांगू बघतो. पण लोक निर्दय आहेत म्हणावं, तर एक लष्करी उतारू आपणहून विचारतो, कशाने गेला? आयोना मागे वळून सांगायला लागतो, तेवढ्यात रस्त्यावर आरडाओरडा होतो, आणि थोड्या वेळाने उतारू डोळे मिटून घेतो. म्हणजे विचारणारा भेटतो, पुढचं ऐकायला थांबणारा भेटत नाही. शेवटी ऐकते ती घोडी, आणि तिच्यापुढेही त्या दिवशी नुसतं गवत. ओट्सपुरती कमाई झालेली नाही. हे गवत ज्याच्या नजरेतून सुटलं त्याने कथा पुन्हा वाचावी.

पुन्हा वाचणं एवढं अवघडही नाही. बोरिवली-चर्चगेट स्लो गाडीत, बसायला मिळालं तर, ३,००० शब्दांची कथा आरामात दोनदा होते. पहिल्यांदा पेन्सिल खिशातच राहू द्यावी; हातात असली की माणूस चांगल्या वाक्यांखाली रेघा ओढत सुटतो, आणि चांगली वाक्यं बहुतेकदा सूत्रापासून लांब असतात. दुसऱ्या वेळी खूण करायची ती पात्राला वेगळं वागता आलं असतं तिथे, आणि लेखक एकाएकी आवरतं घेतो तिथे. लेखकाचं चरित्र घरी ठेवावं. ते आधी वाचलं की कथेत तेच दिसायला लागतं.

स्वातंत्र्याच्या आसपास बहरलेल्या मराठी नवकथेपाशी मात्र शेवट हलवण्याची युक्ती लंगडी पडते. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर चौघे चार तऱ्हांचे, पण गिरगावातल्या खटाववाडीतून त्या काळी निघणाऱ्या 'सत्यकथा' मासिकात जी कथा रुजली तिच्यात पुष्कळदा शेवटी काही घडतच नाही. हलवणार काय? तिथे पात्राचं लक्ष कशावर जातं आणि कशावरून उडतं, एवढंच धरून बसायचं. वेळ लागतो. कधी हाती काहीच लागत नाही, आणि कथा तरीही आवडते.

तात्पर्याची सवय तेवढी जाता जात नाही. भीमाच्या कथेखालीसुद्धा कुणीतरी लिहितंच, 'कष्टाचे फळ गोड असते.' आता याला काय सांगायचं? कष्टाला तो तयारच होता. खाण बंद होती.