काटेचमच्यांचे डंबेल्स

'गमो' हा पिक्चर पहिल्यांदा लावला तेव्हा मांजरांचं प्रकरण सुरू झालं आणि मी बंदच करून टाकला. परवा रात्री परत लावला, शेवटपर्यंत बघितला आणि तेव्हापासून डोक्यातनं जातच नाहीये.

हार्मनी कोरिनने डायरेक्ट केलेला हा पहिलाच पिक्चर, १९९७ चा, तेव्हा तो फक्त २४ वर्षांचा होता! गाव आहे अमेरिकेतल्या ओहायोमधलं झीनिया. ३ एप्रिल १९७४ ला तिथे खरंच टॉर्नेडो आला होता, तीसच्या वर माणसं गेली, निम्मं गाव मोडलं. पिक्चरमधलं गाव त्यातनं सावरलेलंच नाहीये (खरं झीनिया परत उभं राहिलं, आणि शूटिंगही तिकडे नाही, टेनेसीतल्या नॅशव्हिलच्या आसपास झालंय).

स्टोरी शोधू नका, मिळणार नाही. सॉलोमन आणि टमलर, दोन पोरं, सायकलवरनं उंडारतात, भटकी मांजरं मारून विकतात, आलेल्या पैशातनं गोंद हुंगतात. मधेच सशाच्या गुलाबी कानांची टोपी घातलेला एक उघडाबंब पोरगा पुलावर नुसता उभा. मधेच व्हीएचएसची खरखरीत चित्रं, कुणाच्या तरी घरातली जुनी कॅसेट चुकून हाती लागावी तशी.

आणि ती आंघोळ! टबातलं पाणी गढूळ, आई डोक्याला शॅम्पू लावतेय आणि सॉलोमन त्याच पाण्यात बसून स्पॅगेटी खातोय, वर दूध पितोय, चॉकलेट पाण्यात पडतं तर तेही उचलून खातो. मागे भिंतीवर बेकनची एक पट्टी टेपने चिकटवलेली. जर्मन दिग्दर्शक वर्नर हेरझॉगला ती पट्टी भयंकर आवडली होती, आणि मलाही आता आंघोळीचा विचार केला की आधी तीच दिसते.

न्यूयॉर्क टाइम्सच्या जॅनेट मॅस्लिनने ऑक्टोबरातच याला वर्षातला सगळ्यात वाईट पिक्चर ठरवून टाकलं होतं. किळस येते हे मलाही मान्यच आहे, पण इतक्या घाणीत त्या आईची जी माया दिसते ती मला विसरता येत नाहीये. तळघरात सॉलोमन काटेचमच्यांचे जुडगे बांधून त्यांचे डंबेल्स करून आरशासमोर व्यायाम करत असतो, पोरगं एवढंसं, काडीसारखे हात, आणि आई मेलेल्या नवऱ्याचे मोठाले बूट घालून त्याच्यासमोर टॅप डान्स करते, त्याने हसावं म्हणून. आई झालेल्या लिंडा मान्झने काय केलंय ते काम! बूट पायाला ढगळ होतायत, तरी ती नाचतेच आहे.